इंजिनिअरिंगच्या मुलांना एथिक्स शिकवायला घेताय? मग आधी हे वाचा

पुढच्या टर्मला पहिल्यांदाच ज्यांच्याकडे एथिक्सचा विषय आलाय त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी मूळचा स्ट्रक्चरवाला, म्हणजे इमारतींचे सांगाडे डिझाइन करणारा. काही वर्षं डिझाइन ऑफिसात काढली, मग शिकवायला आलो आणि तिसऱ्या वर्षी हा विषय माझ्याकडे आला, कारण दुसरं कुणी घ्यायला तयार नव्हतं. पहिल्या टर्मला मी जे केलं तेच बहुतेक जण करतात: आचारसंहिता वाचून दाखवली, दोन-तीन मोठ्या अपघातांच्या गोष्टी सांगितल्या, कोण चुकलं ते फळ्यावर लिहिलं आणि परीक्षा घेतली. पेपर छान आले. ‘अभियंत्याने जनतेची सुरक्षितता सर्वोच्च मानली पाहिजे’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक पेपरात जसंच्या तसं होतं. आणि त्याच आठवड्यात त्याच मुलांच्या लॅबच्या वह्या तपासायला घेतल्या तर सहा ग्रुपची रीडिंग्ज दशांशापर्यंत एकसारखी निघाली.

कळतं पण वळत नाही असं आपण म्हणतो, पण मला त्या दिवशी वाटलं की इथे नीट कळलेलंही नाहीये. मुलांच्या डोक्यात एथिक्स म्हणजे रॉकेट फुटणं, पूल पडणं, म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट. आपण लॅबमध्ये जे करतो त्याला त्यांच्याकडे वेगळाच शब्द होता, ‘ॲडजस्ट करणं’. ॲडजस्ट केलं म्हटलं की झालं, त्यात योग्य-अयोग्य असं काही त्यांना दिसतच नव्हतं.

तेव्हापासून मी विषय उलट्या टोकाने शिकवतो. मुलांनी स्वतः घेतलेल्या लहानशा निर्णयापासून सुरुवात करायची, तो घेताना आपण काय गृहीत धरलं होतं ते शोधायचं आणि ते गृहीतक तपासायचं. याला चिकित्सक चिंतन म्हणा, क्रिटिकल रिफ्लेक्शन म्हणा. नुसतं ‘मला वाईट वाटलं’ लिहिणं म्हणजे रिफ्लेक्शन, हा गैरसमज सुरुवातीलाच काढून टाका. १९१० साली अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्युई यांनी विचार करणं म्हणजे काय हे मांडताना सांगितलं होतं की आपली एखादी समजूत कशाच्या आधारावर उभी आहे आणि ती खरी धरली तर पुढे काय काय येतं, हे नेटाने तपासत राहायचं. म्हणजे इंजिनिअर पाया तपासतो तसंच. हे मुलांना असं सांगितलं की पटकन पोचतं.

## सुरू करण्याआधी काय जमवायचं

- प्रत्येकाला एक पातळ वही. कागदाचीच बरी, का ते पुढे येईल.
- तुमच्या शाखेच्या व्यावसायिक संस्थेच्या आचारसंहितेच्या प्रती.
- दोन केसेस, दोनच, पण त्यांच्या मूळ चौकशी अहवालातली पानं आणि आकडे. सारांश नको.
- वर्गाचे नियम लिहिलेलं एक पान.
- मार्क कसे देणार त्याचं रुब्रिक, पहिल्याच तासाला वाटायचं.
- कॉलेजच्या समुपदेशकाचा नंबर, आणि मुलांनी लिहिलेल्या कुठल्या गोष्टी तुम्हाला वर कळवाव्याच लागतात त्याची माहिती. हे आधी विचारून ठेवा.
- आठवड्याला निदान एक सलग तास, आणि दहा-बारा आठवडे. एका दिवसाच्या वर्कशॉपमध्ये यातलं फारसं काही होत नाही.

## १. आधी स्वतः लिहा

ही पायरी सगळ्यात जास्त गाळली जाते, आणि ती गाळली की पुढचं सगळं उपदेश होऊन बसतं. तुमच्या कामातला एक खरा प्रसंग घ्या, जिथे तुम्ही नीट वागला नाहीत किंवा वागलात की नाही तेच अजून कळलेलं नाही, तो दोन पानांत लिहा आणि पहिल्या तासाला वर्गात वाचून दाखवा.

माझा असा आहे. डिझाइन ऑफिसात असताना फॅब्रिकेटरकडून, म्हणजे सांगाड्याचे भाग बनवणाऱ्याकडून, आलेली ड्रॉइंग्ज तपासून सही करायचं काम माझ्याकडे होतं. एका संध्याकाळी मोठा गठ्ठा आला, उद्या सकाळी पाठवायचाय असं सांगितलं गेलं, आणि मी ड्रॉइंगच्या कोपऱ्यातली नावं, तारखा, मापं बघत सह्या करत गेलो. एका जोडात बोल्टची मांडणी बदललेली होती. ती मी बघितली का? डोळ्यांखालून गेली असणार. बदल साइटवरच्या एका सुपरवायझरने पकडला, म्हणून पुढे काही झालं नाही. लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं की सही करताना मी तीन गोष्टी गृहीत धरल्या होत्या: फॅब्रिकेटरने बदल केला असेल तर तो विचारून केला असेल, माझ्यानंतर अजून कुणीतरी बघेल, आणि ‘तपासलं’ या शिक्क्याचा अर्थ ‘मिळालं’ असा सगळ्यांनाच ठाऊक आहे. तिन्ही चूक होत्या.

हे वाचून झालं की मी १७ जुलै १९८१ ची गोष्ट सांगतो. अमेरिकेत कॅन्सस सिटीतल्या हयात रीजन्सी हॉटेलात लॉबीवर टांगलेले दोन पादचारी पूल कोसळले आणि ११४ माणसं गेली. मूळ डिझाइनमध्ये वरच्या-खालच्या दोन्ही पुलांना छतापासून एकच लांब सळई होती, बांधताना तिच्या जागी दोन तोकड्या सळया आल्या, म्हणजे खालचा पूल वरच्या पुलाच्या तुळईला लटकला आणि वरच्या जोडावरचा भार दुप्पट झाला. हा बदल ड्रॉइंगमध्ये होता आणि ती ड्रॉइंग्ज मंजूर होऊन परत गेली होती. आणि मूळ डिझाइनसुद्धा नियमाने लागणाऱ्या भाराच्या साधारण ६० टक्केच भार घेऊ शकत होतं, हे चौकशीत निघालं. माझी सही आणि ती सही यात नेमका काय फरक होता, एवढाच प्रश्न मी वर्गाला विचारतो आणि त्या दिवशी उत्तर मागत नाही.

इथे फसू नका: स्वतःची शौर्यकथा सांगू नका. ‘मला दबाव आला पण मी ठाम राहिलो’ असा प्रसंग सांगितलात की मुलं पण तसलेच प्रसंग रचून आणतात.

## २. वर्गाचे नियम पहिल्याच दिवशी ठरवा

माझे पाचच आहेत. वर्गातलं वर्गाबाहेर जाणार नाही. दुसऱ्याचं नाव लिहायचं नाही. कुणालाही ‘आज मला वाचायचं नाहीये’ म्हणता येईल आणि त्याचं कारण विचारलं जाणार नाही. वहीतल्या कबुलीसाठी कुणाचेही मार्क कापले जाणार नाहीत, इथे नाही आणि दुसऱ्या विषयातही नाही. आणि पाचवा सगळ्यात महत्त्वाचा, कुणाच्या जिवाला धोका आहे असं काही वहीत आलं तर मी ते गुप्त ठेवू शकणार नाही, आधी तुझ्याशी बोलीन आणि मग पुढे कळवीन. हा पाचवा आधीच सांगितला नाही आणि नंतर वेळ आली तर मुलाला फसवल्यासारखं वाटतं आणि त्याचं बरोबरच असतं.

चौथा नियम पाळायला अवघड जातो बरं का. समोरच्या मुलाने लिहिलंय की मागच्या टर्मचा रिपोर्ट सीनियरचा उतरवला, आणि तो रिपोर्ट तुम्हीच तपासला होता. आधी मनाची तयारी करा, मगच नियम जाहीर करा.

## ३. लहान प्रसंगापासून सुरुवात

पहिल्या तासाची ती हॉटेलची गोष्ट सोडली तर पहिले तीन आठवडे मोठ्या केसचं नाव काढू नका. ‘तुमच्या आयुष्यातला नैतिक पेच लिहा’ असा प्रश्न तर मुळीच देऊ नका, एकोणीस वर्षांच्या मुलाला वाटतं आपल्या आयुष्यात तसं काही घडलेलंच नाही, मग तो काहीतरी बनवतो. प्रश्न इतका बारीक हवा की उत्तर आठवावंच लागेल. मी हे वापरतो:

- गेल्या महिन्यात लॅबमध्ये कुठला आकडा तुम्ही बघितल्यापेक्षा वेगळा लिहिलात?
- ग्रुप प्रोजेक्टमध्ये कुणी काम केलं नाही हे माहीत असून त्याचं नाव कधी लावलंत? किंवा तुमचं कुणी लावलं?
- कुणाचा कोड उचललात आणि तो काय करतो हे न कळता सबमिट केलात?
- तुम्ही बनवलेल्या वस्तूचा वापर कोण करणार आहे, असा विचार प्रोजेक्टमध्ये पहिल्यांदा कधी आला? आलाच नसेल तर तसं लिहा.

एका मुलाने पहिल्या आठवड्यात एवढंच लिहिलं होतं (टेन्साइल टेस्ट म्हणजे नमुना ताणून बघायची चाचणी): ‘टेन्साइल टेस्टच्या ग्राफमध्ये आमचा एक पॉइंट सरळ रेषेत येत नव्हता म्हणून तो काढला. हे चूक आहे. पुढे असं करणार नाही. प्रामाणिकपणा महत्त्वाचा आहे.’

चार वाक्यं, आणि त्यातली तीन मला खूश करायला लिहिलेली. मी मार्जिनमध्ये पेन्सिलीने तीन प्रश्न लिहून वही परत केली. तो पॉइंट चुकीचा आहे हे तुला कसं कळलं? खोडताना कोण काय बोललं? आणि तो बरोबर असता तर त्याचा अर्थ काय निघाला असता?

पुढच्या आठवड्यात पान भरून आलं. त्यातलं थोडं, त्याच्या परवानगीने: ‘पॉइंट चुकीचा आहे हे मला कळलं नव्हतं. पुस्तकात रेषा सरळ आहे म्हणून मी तसं मानलं. कुणीच काही बोललं नाही, मी खोडरबर मागितला आणि मित्राने दिला. सॅम्पल एकच मिळतो, परत टेस्ट मागितली तर पुढच्या बॅचला थांबावं लागतं, आणि ग्राफ सरळ आला तर पाच मार्क असतात. मशीनची ग्रिप सरकली असेल का, हे बघायला पाहिजे होतं. ते कुणाच्याच डोक्यात आलं नाही.’

यात ‘प्रामाणिकपणा’ हा शब्द एकदाही नाही. पण पाणी कुठे मुरतंय ते त्याला सापडलंय, आणि मलाही सापडलं, कारण सरळ ग्राफला पाच मार्क हा नियम आमच्याच डिपार्टमेंटचा होता. त्या टर्मनंतर आम्ही तो बदलला. आता ग्राफ कसाही आला तरी चालतो, न जुळणाऱ्या पॉइंटबद्दल काय लिहिलंय त्याला मार्क आहेत. चिकित्सक चिंतनातला ‘चिकित्सक’ तो हाच. मुलगा स्वतःकडे बघतो आणि तिथून ज्या व्यवस्थेने त्याला खोडरबर उचलायला लावलं तिच्याकडेही बघतो. तुम्ही नुसतं पहिलं मागितलंत आणि दुसरं ऐकून घेतलं नाहीत, तर सगळं खापर मुलांवर फोडायचं एक साधन तेवढं तुमच्या हाती येईल.

## ४. लिहायला एक साचा द्या, पण लवकर काढून घ्या

सुरुवातीला तीन प्रश्नांचा साचा पुरतो: काय घडलं? त्याचं काय? आता पुढे काय? १९७० च्या सुमारापासून शिक्षणात आणि पुढे नर्सिंगच्या क्षेत्रातही हा वापरात आहे आणि मुलांच्या तोंडी सहज बसतो. अडचण एकच, मुलं पहिल्या प्रश्नात पाऊण पान घालवतात आणि बाकीच्या दोघांना एकेक ओळ. म्हणून मी पहिल्या भागाला पाच ओळींची मर्यादा घालतो आणि दुसऱ्या भागात चार जणांच्या नजरेने बघायला सांगतो: मी स्वतः, माझ्या शेजारी काम करणारा, ज्याच्या हातात माझं काम पडणार तो, आणि या विषयातलं ज्ञान काय सांगतं ते. तिसरा माणूस, म्हणजे वापरणारा, मुलांना सगळ्यात अवघड जातो, कारण तो त्यांनी कधी बघितलेलाच नसतो.

‘आता पुढे काय’ला ‘पुढे काळजी घेईन’ हे उत्तर चालत नाही हे आधीच सांगा. पुढच्या चार आठवड्यांत करता येईल आणि झालं की नाही ते दिसेल असं एक काम लिहायचं. ‘पुढच्या प्रॅक्टिकलला रीडिंग पेनने घेईन’, इतकं साधं चालेल.

पाच-सहा नोंदी झाल्या की साचा काढून घ्या. नाहीतर मुलं त्यातही पाट्या टाकायला शिकतात, रकाने भरलेले आणि आत काही नाही.

## ५. मोठी केस द्या, पण अर्धीच

आता मोठ्या केसेस. इथला सगळ्यात मोठा धोका म्हणजे मागाहून सुचणारं शहाणपण. शेवट माहीत असला की प्रत्येक मुलगा म्हणतो, ‘मी असतो तर थांबवलं असतं’. म्हणून शेवट झाकून ठेवा.

अमेरिकेच्या चॅलेंजर अंतराळयानाची केस मी अशी घेतो. नाव सांगत नाही. ‘एका यंत्रात रबरी कड्यांनी सील केलेले जोड आहेत, आधीच्या ७ चाचण्यांत कड्यांना इजा झाली होती, त्या वेळची तापमानं ही, उद्या गारठा आहे, चालवायचं का?’ एवढं देतो आणि फक्त ते ७ बिंदू असलेला ग्राफ. बिंदू पसरलेले दिसतात, इजा थंडीतही आहे आणि उबदार हवेतही आहे, म्हणून मुलं म्हणतात की तापमानाचा संबंध दिसत नाही. पंधरा मिनिटं वाद, हात वर करून मतदान, आणि प्रत्येकाने वहीत आपला निर्णय आणि त्याचं एक कारण लिहायचं, सहीसकट. बहुतेक वेळा अर्ध्याहून जास्त वर्ग ‘चालवा’ म्हणतो.

मग दुसरा कागद. यात ज्या उड्डाणांत काहीच झालं नव्हतं तीही आहेत. चौकशी आयोगाच्या अहवालातला हिशोब असा आहे: जोडाचं तापमान ६६ अंश फॅरनहाइट किंवा जास्त असताना झालेल्या २० उड्डाणांपैकी ३ मध्ये इजा, आणि ६३ किंवा त्याखाली झालेल्या ४ पैकी ४ मध्ये. वर्गात एकदम शांतता होते. इथे लगेच बोलू नका, दोन मिनिटं जाऊ द्या. मग नाव सांगा: चॅलेंजर, २८ जानेवारी १९८६, उड्डाणाच्या वेळी हवेचं तापमान ३६ अंश फॅरनहाइट, म्हणजे जेमतेम २ अंश सेल्सिअस, उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी यान हवेतच फुटलं, आत ७ माणसं होती.

आणि मग उड्डाणाच्या आदल्या रात्री नासाशी झालेल्या कॉलवर या. यानाला वर ढकलणारे बूस्टर, म्हणजे ज्यांत ते जोड होते ते, बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीच्या इंजिनिअरांनी ५३ अंश फॅरनहाइटखाली उडवू नका असं सांगितलं होतं. नासाकडून विरोध झाला, कंपनीच्या लोकांनी थोडा वेळ मागून आपसात चर्चा केली, आणि त्या चर्चेत इंजिनिअरिंगच्या उपाध्यक्षाला वरिष्ठाने सांगितलं की आता इंजिनिअरची टोपी काढ आणि मॅनेजरची घाल. शिफारस बदलली. हे आयोगासमोर आलेलं आहे.

आता वही उघडायला लावा आणि विचारा, तासाभरापूर्वी तू सही केलीस तेव्हा काय गृहीत धरलं होतंस? जवळपास सगळे एकच लिहितात, ‘जे दिलंय तेवढंच आहे असं धरलं. न दिलेलं मागितलं नाही.’ हे मी शिकवून शिकवता आलं नसतं. आणि त्यानंतर अजून एक प्रश्न: त्या कॉलवर कोण नव्हतं? ज्यांना आत बसायचं होतं ते नव्हते.

सॉफ्टवेअरच्या मुलांना थेराक-२५ ची केस जास्त लागते. हे कॅन्सरवर किरणोपचार करणारं मशीन, १९८५ ते १९८७ दरम्यान त्याचे ६ अपघात झाले, रुग्णांना प्रचंड जास्त डोस गेला. आधीच्या मॉडेलमध्ये धोका अडवणारी हार्डवेअरची कुलुपं होती, यात ती काढून सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवली होती. ऑपरेटरने पटापट टाइप करून नोंद दुरुस्त केली की, किरण वळवणारे मॅग्नेट जागेवर यायला लागणाऱ्या साधारण ८ सेकंदांच्या आतच, मशीन चुकीच्या अवस्थेत जायचं. स्क्रीनवर यायचं ‘मालफंक्शन ५४’, त्याचा अर्थ कुठे धड समजावलेला नव्हता, आणि ‘पी’ बटण दाबलं की काम पुढे चालू. असले मेसेज दिवसातून कितीदा तरी यायचे म्हणून ऑपरेटरला पी दाबायची सवय झाली होती. एका हॉस्पिटलात त्या दिवशी रुग्णाचा आवाज ऐकू येणारी यंत्रणा बिघडलेली होती आणि कॅमेऱ्याचा मॉनिटर लावलेला नव्हता.

मुलांना विचारा: तुमच्या शेवटच्या प्रोग्रॅममध्ये एरर आली तर वापरणाऱ्याला काय दिसतं? ते वहीत उतरवा. मग तो मेसेज शेजाऱ्याला वाचायला द्या आणि ‘आता तू काय करशील’ विचारा. मी हे सांगितल्यावर एका मुलीने रात्री जाऊन आपल्या प्रोजेक्टमधले सगळे एरर मेसेज बदलले, न सांगता.

## ६. सिद्धांत आणि आचारसंहिता यानंतर

परिणाम बघणारे, कर्तव्य बघणारे, चारित्र्य बघणारे असे जे नीतिशास्त्राचे पंथ आहेत ते दोन तासांत आटपतात. मुलांनी आधी स्वतःच्या वहीत जी कारणं लिहिली आहेत त्यांनाच ही नावं लावा. ‘तू इथे किती लोकांचं नुकसान होईल ते मोजलंस, तू इथे शब्द दिला होता म्हणालास.’ आचारसंहिताही तशीच, आपल्या प्रसंगाला कुठलं कलम लागतं ते शोधायला लावा आणि जिथे दोन कलमं एकमेकांच्या आड येतात तिथे थांबा. मालकाची गुपितं राखा आणि जनतेची सुरक्षितता आधी बघा, ही दोन हमखास भिडतात.

## ७. चर्चा चालवताना

प्रश्न विचारल्यावर गप्प राहायला शिका. मनात दहापर्यंत मोजा. आपण शिक्षक लोक तीन सेकंदांत स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतो.

‘सर, शेवटी ज्याचं त्याचं मत’ हे वाक्य येणार. त्यावर वाद घालू नका, ‘मग तुझ्या मताचं कारण बदललं तर मत बदलेल का?’ एवढं विचारा. उलट बाजूचं वाक्यही येतं, ‘सर, नोकरी टिकवायची असेल तर हे सगळं चालत नाही.’ हे म्हणणाऱ्याला गप्प करू नका, तो घरची जबाबदारी मनात धरून बोलत असतो. त्याला गंभीरपणे घ्या आणि राजीनामा आणि मुकाट बसणं यांच्यामध्ये किती पायऱ्या आहेत त्यांची वर्गाकडून यादी करून घ्या: लेखी विचारणं, दुसऱ्याकडून तपासून घेणं, बैठकीच्या नोंदीत आपली हरकत लिहून घ्यायला लावणं, आपण एकटे न जाता दोघांनी जाणं, सही न करणं. आमच्या फळ्यावर एकदा अकरा पायऱ्या झाल्या होत्या. बहुतेक मुलांना फक्त दोन टोकंच माहीत असतात, मुकाट बसणं आणि राजीनामा.

आणि एखादी केस एखाद्याच्या घरापर्यंत पोचलेली असू शकते, अपघातात कुणी गेलेलं असू शकतं. विषय आदल्या आठवड्यात सांगून ठेवा, ज्याला बाहेर बसायचं त्याला बसू द्या.

## ८. मार्क

मार्क विचारांना द्या, चांगुलपणाला नाही. हे जमलं नाही तर मुलं चांगुलपणा लिहून आणतील, ते त्यांना फार सोपं जातं. माझं रुब्रिक चार पायऱ्यांचं आहे, शिक्षक-प्रशिक्षणात अशी वर्गवारी बऱ्याच वर्षांपासून वापरतात: फक्त वर्णन, वर्णन आणि आपली कारणं, स्वतःशी केलेली उलटतपासणी, आणि शेवटी गृहीतक आणि परिस्थिती दोन्हींची तपासणी. वरच्या ग्राफवाल्या मुलाची पहिली नोंद पहिल्या पायरीवर, दुसरी चौथीच्या उंबरठ्यावर. हे दोन नमुने मी रुब्रिकसोबतच वाटतो, कारण नुसते शब्द वाचून मुलांना काही कळत नाही.

दर नोंदीला मार्क देऊ नका. आठ नोंदी लिहून घ्या, त्यातल्या कुठल्या दोन तपासायच्या ते मुलाने निवडायचं, बाकीच्यांना लिहिल्या की नाही एवढंच. वेळेचा हिशोब करा: चाळीस मुलं, एका नोंदीला पंधरा मिनिटं, झाले दहा तास. दर आठवड्याला हे झेपत नाही आणि मग आपण ‘छान’, ‘अजून खोलात जा’ असले शेरे मारायला लागतो, ज्यांचा कुणालाच उपयोग नाही. शेरा म्हणजे एक प्रश्न, आणि तो त्याच नोंदीतल्या एखाद्या शब्दावर बोट ठेवून विचारलेला.

चॅटबॉटकडून लिहून आणण्याबद्दल सगळे विचारतात. म्हणून तर वही, आणि पहिला मसुदा वर्गातच, वीस मिनिटांत, हाताने. शिवाय प्रश्न इतका बारीक असला की बाहेरून लिहून आणणं अवघड होतं, कारण खोडरबर कुणी दिला ते त्या टेबलावर बसलेल्यांनाच माहीत असतं. तरीही शंका आली तर आरोप करू नका, शेजारी बसून ‘हे कसं झालं सांग’ म्हणा. पाच मिनिटांत कळतं.

## ९. चार आठवड्यांनी परत या

‘आता पुढे काय’मध्ये जे लिहिलं होतं ते झालं का, हे विचारल्याशिवाय विषय सोडू नका. झालं नसेल तर का नाही, ती पुढची नोंद. माझ्या अनुभवात सगळ्यात चांगलं लेखन इथेच येतं. एकीने लिहिलं होतं की ग्रुपमध्ये काम न करणाऱ्याचं नाव लावणार नाही, आणि चार आठवड्यांनी लिहिलं की लावलं, कारण त्याला त्या टर्मला काय चाललंय हे तिला तोपर्यंत कळलं होतं, आणि आता रिपोर्टमध्ये कुणी काय केलं त्याचा खरा तक्ता जोडून नाव ठेवायचं असं तिघींनी मिळून ठरवलंय. नियम मोडला की पाळला, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. तिला पूर्ण मार्क दिले.

शेवटच्या तासाला वह्या वाटा, पहिल्या आठवड्याची नोंद उघडायला सांगा आणि तिच्या मार्जिनमध्ये प्रत्येकाने पेन्सिलीने आपल्यालाच तीन प्रश्न लिहायचे. तुमची पहिल्या तासाची दोन पानंही सोबत न्या आणि तुम्हीही लिहा. मी गेल्या वेळी लिहिला तो पहिला प्रश्न होता, त्या संध्याकाळी तो गठ्ठा उद्याच पाठवायचाय हे नक्की कोणी ठरवलं होतं, आणि मी त्याला एकदा तरी का नाही विचारलं?